बयजाबाईसाहेबांनी दूध धरविणारी पिशवी मागून आणिली त्याची हकीकत

श्री. ज्या आईच्या आचळापुढे राव आणि रंक सारखेच गुडघे टेकतात, तिला दंडवत घालून लिहिले ऐसे जे: शके सोळाशे साठ, कालयुक्त नाम संवत्सरे, चैत्र वद्य सप्तमी. ते समयी थोरल्या दौलतीवर बयजाबाईसाहेब राज्य करीत होत्या. दौलत म्हणजे शेळ्या दीडशे, टेकडी एक आणि सुना तीन, पैकी दोन कामाच्या. कुरणाचे धनी दरसाल सात टोपल्या पनीर नजराणा घेत आणि कुरण चरावयास देत; अष्टमीस टोपल्या न पोचल्या तर कुरण दुसऱ्यास, ऐसा करार. आता पनीर काही दुधाकडे डोळे वटारून होत नाही. निव्वळ आईच्या दुधावरच्या करडाचे जठर, म्हणजे पोटातली पिशवी, मीठ चोळून वाळवावी, निवळीत, म्हणजे फाटल्या दुधाच्या पाण्यात, मुरवावी, आणि ते पाणी कोमट दुधात घालावे, मग दूध धरते. करडू एकदा पाल्याला लागले की त्याची पिशवी फुकट. बाईसाहेबांची पिशवी मडक्यात मुरत होती आणि तिचा दर्प तीन घरे ओलांडून जात असे, बाईसाहेबांस तेच अत्तर.

मग धाकटी सून सगुणा, लग्न होऊन चार दिवस झालेली, सासरी नाव मिळवावे म्हणून पहाटे उठली, आणि मडके ओतले, आणि पिशवी राखेने घासून तीनदा उकळली, आणि उन्हात टांगून म्हणाली, "आत्याबाई, कधीपासून कुजत होतं कोण जाणे! आता बघा कसं लख्ख."

"लख्ख तर आहेच. आता गळ्यात घालून मिरव," बाईसाहेब वदल्या.

मग दूध तापविले आणि पिशवी घातली, तो उकळून तिचा गुणच गेलेला, दूध दूधच राहिले. करडे पाहावी तर सगळी पाल्यावर. लिंबू पिळावे तर धनी पहिल्या घासास ओळखणार. उरली पिशवी एकच, टेकडीपलीकडे धाकट्या जाऊबाई गोजराबाईंकडे, आणि त्या दौलतीशी वाटणी झाल्यापासून बारा वर्षे बोलणे बंद. सगुणा डोळे पुसत म्हणाली, "मी जाते मागायला."

"तू बस. गेलीस तर तिचंही घर धुऊन येशील." आणि बाईसाहेब जातीने स्वारीस निघाल्या.

गोजराबाई दारातच उभ्या राहिल्या. "या थोरल्या बाई. वाट सापडली म्हणायची."

"दूध धरत नाही."

"अरेरे, कुणाचं?"

"माझं, गोजरा. माझंच. तळहाताएवढा तुकडा दे."

"वाटणीच्या दिवशी सासूबाईंच्या पिशवीतला तेवढाच मागितला होता मी. तेव्हा काय म्हणाला होतात?"

बाईसाहेबांनी पदर सारखा केला, मग एकदा टेकडीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "दौलतीचे तुकडे होत नसतात, म्हणाले होते."

"मग अख्खीच न्या." आणि गोजराबाईंनी खुंटीवरची पिशवी काढून त्यांच्या हातात ठेविली.

बाईसाहेब उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. "होतात तुकडे. विळी आण."

सारांश, पिशवी निम्मी निम्मी झाली, सात टोपल्या वेळेत पोचल्या आणि कुरण राहिले. दोन्ही दौलतींचे बोलणे सुरू झाले, ते आजतागायत थांबता थांबत नाही. इति.