निवांतपणाचं पाळीपत्रक

विश्रांती ही नैसर्गिक साधनसंपत्ती असून तिचं नियोजन केलं नाही तर ती वाहून जाते. हे सत्य मोठमोठ्या देशांना अजून उमगलेलं नाही. बारामतीत मात्र ते एका माणसाला पूर्णपणे उमगलं होतं आणि त्याने ते अमलातही आणलं, त्याची ही हकीकत.

आनंदराव तेहेतीस वर्षं कालवा निरीक्षक होते. (कोणत्या कालव्यावर, ते सांगत नाही. त्या कालव्याने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही.) कोणत्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, याचं पाळीपत्रक बनवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा गुडघ्यांच्या मागे लागतात. आनंदराव घराच्या मागे लागले. न्हाणीघराचं पाळीपत्रक झालं, टीव्हीच्या रिमोटचं झालं, कूलरसमोर बसण्याचंही झालं. घरात शिस्त आली. फक्त घरातली माणसं जरा दबकून वागू लागली, पण शिस्तीचं ते लक्षणच आहे.

एका संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणाल्या, "अहो, मला एकदा कुठंतरी पाण्याकडे बघत नुसतं बसायचंय."

आनंदरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि मालतीबाईंनी मागितलेली ही तिसरी गोष्ट. (पहिली मिक्सर, दुसरी मिक्सरची दुरुस्ती.) त्यांना एकदम भरून आलं. बायकोवर त्यांचा जीव होता, यात कोणी शंका घेऊ नये. फक्त जीव असला की तो कागदावर यावा, असं त्यांचं मत होतं.

"बसून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं किती वेळ?"

मालतीबाईंनी कोथिंबिरीची जुडी संपवली आणि लसूण सोलायला घेतला.

आठवड्याभरात मुलाने, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या निहारने, अंदमानातलं एक छोटं बेट शोधून काढलं. पांढरी वाळू, निळं पाणी, माणसं कमी. फेब्रुवारीत पाच दिवस जायचं ठरलं. जाणार पाच जण: आनंदराव, मालतीबाई, निहार, आनंदरावांच्या मातोश्री भागूबाई आणि लासुर्ण्याहून थोरले बंधू सर्जेराव. भागूबाईंना मागं कसं ठेवायचं, म्हणून त्या. आणि भागूबाई जाणार म्हटल्यावर सर्जेराव म्हणाले, "आईला समुद्रावर न्हेताय आन् मला इचारलं बी न्हाय व्हय?" म्हणून ते.

मग आनंदरावांनी लाल कापडी पाठीची वही उघडली.

पाच दिवसांचा एकूण साठा एकशे वीस तास. त्यातून प्रवास अडतीस, झोप पस्तीस, खाणंपिणं बारा आणि फोटो सहा तास वजा. शिल्लक निवांतपणा एकोणतीस तास. पण हा साठा खुर्चीपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. माणूस खोलीतून निघतो, चप्पल शोधतो, टोपीसाठी परत जातो, किल्ली विसरतो. कालव्यात मुरून आणि उडून जाणाऱ्या पाण्याला वहनव्यय म्हणतात. आनंदरावांनी तो चाळीस टक्के धरला. प्रत्यक्ष वाटपासाठी उरले सतरा तास चोवीस मिनिटं.

"पण बाबा, पाचही जण एकाच वेळी निवांत बसू शकतात की," निहार म्हणाला.

हा मुद्दा फेटाळण्यात आला. एकाच वेळी सगळ्यांनी कालव्यावरची आपापली दारं उघडली तर पाणी कोणालाच पोचत नाही, हे तेहेतीस वर्षांच्या नोकरीत सिद्ध झालेलं होतं. शिवाय एकाने निवांत बसायचं तर दुसऱ्या कोणी तरी त्याला चहा द्यायचा असतो. (हे दुसरं कोणी तरी कोण, याचा रकाना वहीत नव्हता. तसा तो कधीच नसतो.)

कालव्याचं पाणी हवं असेल तर शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो. त्या धर्तीवर घरातल्या प्रत्येकाकडून मागणी अर्ज घेण्यात आले. सर्जेरावांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तिन्ही वेळा मागितल्या आणि शेऱ्यात लिहिलं, "थोरला म्हणून आधी." निहारने सूर्यास्ताची वेळ मागितली. भागूबाईंनी अंगठा उठवला आणि तोंडी सांगितलं, "मला काय बी नको. निस्तं हाकंच्या अंतरावर कुनीतरी असावं."

मालतीबाईंचा अर्ज सगळ्यांत लहान होता. प्रयोजन: बसणे. क्षेत्र: एक खुर्ची. कालावधी: मिळेल तितका.

आनंदरावांनी तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि त्यांच्यासाठी सर्वांत मोठा न्याय केला. कालव्याचा एक नियम असा की पाणी आधी शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला द्यायचं आणि मग माघारी येत येत वरच्यांना. घरातलं टेल म्हणजे मालतीबाई. त्यांना सलग दीड तासाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, देण्यात आलं. दुपारी दोन चाळीस ते चार दहा, रोज. वहीत त्याखाली लाल रेघ मारण्यात आली. (टेलला पाणी कागदावर नेहमीच आधी पोचतं. प्रत्यक्षात वाटेत वरची शेतं लागतात.)

आता कोणत्याही नव्या कालव्यात एकदम पूर्ण दाबाने पाणी सोडत नाहीत. आधी चाचणी घेतात. कुठे फुटतं, कुठे झिरपतं ते पाहतात. थेट अंदमानात जाऊन निवांतपणा फुटला तर दुरुस्तीला माणसं कुठून आणायची? म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी विश्रांतीची एक दिवसाची चाचणी ठरली.

जागा मालतीबाईंच्या माहेरची. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांचं गाव आणि गावासमोर पाण्यात वर आलेलं एक टेकाड. चारी बाजूंनी पाणी, दोन बाभळी आणि बगळे. गावातले सोनबातात्या पूर्वी मेंढरं राखायचे. आता थोडा ऊस आणि पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी एक होडी. होडीत तात्या सोडून चार माणसं बसत.

सामान पुढीलप्रमाणे होतं: घडीच्या खुर्च्या पाच, स्टोव्ह एक, चहाचं पातेलं, भाकऱ्या बावीस, खर्डा, पिठलं, दही, भागूबाईंच्या गोळ्यांची पिशवी, छत्र्या तीन, दुर्बीण, वही आणि शिट्टी. हे सगळं मालतीबाईंनी पहाटे चारला उठून बांधलं होतं. शिट्टी आनंदरावांनी स्वतः आणली.

"माले, समदं घर आनलंस व्हय गं?" तात्या होडीत सामान भरता भरता म्हणाले.

"बसायला आलोय तात्या," मालतीबाई म्हणाल्या.

दोन फेऱ्यांत मंडळी पोचली. साडेदहाला शिट्टी वाजली आणि सर्जेराव निवांत बसले. बसल्या बसल्या त्यांनी चहा मागितला. त्यांचा तास संपला तरी ते उठेनात, कारण त्यांना झोप लागली होती आणि झोपलेल्या माणसाचं दार बंद कसं करायचं, याची तरतूद पाळीपत्रकात नव्हती. मग निहार बसला. त्याला टॉवेल हवा होता, मग दुसरा चहा, मग फोटो काढायला कोणी तरी. भागूबाई बाभळीखाली बसून दर दहा मिनिटांनी "माले, हाईस ना गं?" एवढंच विचारत होत्या आणि त्याला "हाय हाय" म्हणणंही गरजेचं होतं. जेवणं झाली. आनंदरावांनी स्वतःच्या वाट्याची चाळीस मिनिटं घेतली आणि त्यातली तीस वही लिहिण्यात खर्च केली. इतका प्रामाणिक अधिकारी मिळणं कठीण.

बरोबर दोन चाळीसला शिट्टी वाजली. मालतीबाई पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या.

दोन बेचाळीसला भागूबाईंची गोळी राहिली होती. दोन पन्नासला सर्जेराव जागे झाले आणि जागा झालेला माणूस चहा मागतोच. तीनला निहारची चप्पल पाण्यात चालली होती. ती तिघांना दिसत होती, पण उठल्या मालतीबाई. तीन दहाला आनंदरावांनी विचारलं, "काय, वाटतंय ना निवांत?" आणि उत्तर लिहून घेण्यासाठी पेन मागितलं. पेन मालतीबाईंच्या पिशवीत होतं आणि पिशवी बाभळीला टांगलेली होती.

चार दहाला शेवटची शिट्टी झाली. आनंदरावांनी बेरीज केली. मंजूर नव्वद मिनिटं, प्रत्यक्ष बसणं अकरा. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "टेलला पाणी पोचले. दाब समाधानकारक. चाचणी यशस्वी."

मालतीबाईंनी तो शेरा त्यांच्या खांद्यावरून वाचला. त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं. अठ्ठावीस वर्षांत एकदाच त्यांनी पाण्याकडे बघत बसायला मागितलं होतं आणि पाण्याकडे पाठ करून त्यांनी दिवसभर स्टोव्ह पेटवला होता.

परतीची पहिली फेरी निघायची वेळ झाली. होडीत चार माणसं बसणार, मग एक जण मागे.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी भांडी घासून दुसऱ्या फेरीनं येते."

कोणीही हरकत घेतली नाही. भांड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे माणसाला एकटं सोडण्याची पद्धत आहे. सोनबातात्या वल्हं हातात घेऊन पाण्यात उतरले तेव्हा मालतीबाई त्यांच्याशी हळू आवाजात काही तरी बोलल्या. तात्यांनी मान डोलावली.

होडी काठाला लागली. आनंदराव म्हणाले, "तात्या, आणा आता हिला."

तात्यांनी होडी दगडाला बांधली आणि तंबाखू मळायला घेतली. "दिस बुडायला आला की आन म्हनलीया."

"अहो, पण घराची किल्ली तिच्याकडं आहे!"

"आसंल की."

"गाडीची पण."

"मंग बसा निवांत," तात्या म्हणाले.

पण बसणार कशावर? खुर्च्या पलीकडे होत्या. गोळ्या पलीकडे होत्या, उरलेल्या भाकऱ्या आणि चहाची पूडही पलीकडे. चार माणसं काठावरच्या चिखलात उभी राहिली आणि आपापलं काय काय पलीकडे राहिलं आहे, ते एकमेकांना सांगू लागली.

आनंदरावांनी दुर्बीण लावली. मालतीबाईंनी भांडी घासली नव्हती. भांडी तशीच पडली होती आणि एका पातेल्यात कावळा उतरला होता. त्यांनी खुर्ची पार पाण्याच्या कडेला नेली होती आणि पाय पाण्यात सोडून त्या बसल्या होत्या. त्या काही करत नव्हत्या. आनंदरावांनी दहा मिनिटांनी पाहिलं, काही नाही. अर्ध्या तासाने पाहिलं, तरी काही नाही. कावळा हाकलायलासुद्धा उठल्या नाहीत.

"काय करतीया रं ती?" भागूबाईंनी विचारलं.

"काही नाही," आनंदराव म्हणाले. आपल्या बायकोचा चेहरा इतका सैल त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना लाज वाटली. लाजेचा रकाना नसल्यामुळे मग त्यांनी वही उघडली आणि जो रकाना होता त्यात नोंद केली: "वेळ ४.३५ ते ६.१०. टेलच्या लाभधारकाकडून विनापरवाना निवांतपणाचा उपसा. साक्षीदार चार. पंचनामा केला."

तात्यांनी मालतीबाईंना आणलं तेव्हा आनंदराव पुढे झाले आणि त्यांनी स्वतः पातेलं उतरवून घेतलं. (हे वहीत नाही, पण तात्यांनी पाहिलं.)

"काय केलंस इतका वेळ?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं ना, काही नाही."

फेब्रुवारीत चार जण अंदमानला गेले. मालतीबाई म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, तुम्ही जाऊन या. त्या बारामतीतच राहिल्या. रिकामं घर, चारी बाजूंनी शांतता आणि मधे एक खुर्ची. बेटावर गेलेल्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना एकोणीस फोन केले. भागूबाईंच्या गोळ्या, निहारचा चार्जर, शेंगदाण्याची चटणी कोणत्या पिशवीत आहे. पहिला फोन त्यांनी उचलला. "अहो, माझं आवर्तन चालू आहे," एवढं म्हणाल्या आणि उरलेले अठरा वाजू दिले. आनंदरावांच्या हिशेबाने त्या पाच दिवसांत बेटावर चार माणसांना मिळून निवांतपणा झाला दोन तास सहा मिनिटं. बाकी सगळा वहनव्यय. पाचव्या दिवशी त्यांनी वहीतली चाचणी यशस्वी झाल्याची नोंद खोडली आणि सागरकिनारी बसून स्वतःचा चहा स्वतः केला. तो वाईट झाला होता, पण त्यांनी पूर्ण प्यायला.

वाचकहो, आनंदरावांना हसून झालं असेल, तर एक छोटी माहिती द्यावी. हे वाचायला तुम्ही निवांत बसलात, तेव्हा शेजारी जो चहाचा कप आला, त्याची मागणी तुम्ही कोणत्या अर्जात केली होती? आठवत नसेल तर आत हाक मारून विचारू नका. तिथं कोणी तरी आत्ताच बसलं असेल.