मारोतीभाऊंच्या गच्चीवरची हवा

आमचे बल्लारपूरचे शेजारी मारोतीभाऊ. त्यांच्या गच्चीवर कोणी जाऊ लागले की जिन्यातच ओरड ऐकू येते, "श्वास तिकडे सोडा!" पापड वाळत घालायला गेलेली माझी बायको तोंडाला पदर लावून परत आली.

गच्चीवर यंत्र आहे. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. गावातल्या कारखान्याच्या चिमणीकडून वारा आला की आकडा किती चढतो, यावरून कारखाना काय सोडतो ते कळते. एका संशोधक बाईंनी ते बसवले आणि बजावले, आकडे बिघडले तर उचलून नेईन. मारोतीभाऊ कोळसा खाणीच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. "जिंदगीभर कारखान्यात जाणारा कोळसा मोजला, आता त्यातून निघणारा मोजून राह्यलो," म्हणतात. शेजारच्या पोराला वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकायला त्यांनी चौकात पाठवले होते.

आकडे मोबाइलवर साऱ्या जगाला दिसतात. रोज संध्याकाळी सातला रेषा ताडकन उभी राहायची. कारखाना अंधार पाहून चोरून गॅस सोडतो, असे कॉलनीच्या पुढाऱ्याने जाहीर केले. निवेदन तयार झाले, फोटोग्राफर ठरला. मी हिशेब तपासणारा माणूस. वाऱ्याची दिशा पाहिली. सातला वारा आमच्याकडून चिमणीकडे वाहत होता.

म्हणून एका संध्याकाळी सातला गच्ची गाठली. मारोतीभाऊ यंत्राला तोंड लावून फूफू श्वास सोडत होते.

"भाऊ, हे काय?"

ते दचकले. "कोणाले सांगू नका जी. पोरगी जर्मनीत राह्यते. तिथून मोबाइलवर पाहते. रेषा उठली की समजते, बाप जिता हाय."

"मग फोन करा ना!"

"तिची ड्युटी असते. मले काय, भात खाल्ला, झोपलो, इतकंच त सांगाचं असते."

"अन् यंत्र नेलं तर?"

ते यंत्रापासून दोन पावले मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी सातच्या आत मी त्यांना आमच्या अंगणात आणून बसवले. रेषा सपाट राहिली. निवेदन देण्याआधीच कारखाना घाबरला, म्हणून पुढाऱ्याने लगेच पेढे वाटले. मारोतीभाऊंचा पेढा हातातच होता आणि त्यांचा फोन वाजला. फोन नेहमीसारखा स्पीकरवर.

"बाबा, आज रेषा काऊन नाई उठली? बरं नाई का तुम्हाले? बोला ना!"

मारोतीभाऊ फोन तोंडाशी धरून नुसता श्वास सोडत राहिले.

"हां," ती म्हणाली, "आला."