कॉम्प्युटरची निवृत्ती

आमच्या कॉम्प्युटरने सत्ताविसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला आणि त्याची सुनावणी मिरजेच्या यंत्रसेवा कचेरीत मंगळवारी अकराला लागली. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. साक्षीदार म्हणून टीव्हीखालचा गेमिंग कन्सोल शेजारी बसला होता.

मला तो जायला नको होता. बाबांच्या हातची घरातली तेवढीच वस्तू. पण यंत्राच्या अर्जावर मालकाची हरकत चालत नाही, आणि नियमापुढे शहाणपण कसलं?

कचेरीतल्या मुजावर भाऊसाहेबांनी त्याला टेबलावर जोडून घेतलं, झाकण उघडलं आणि चष्मा वर केला.

"मदरबोर्ड चार वर्षांचा. ग्राफिक कार्ड गेल्या दिवाळीचं. डबा तर कोराच. यात मूळचं काय आहे?"

"काहीच नाही," कॉम्प्युटर म्हणाला. "प्रत्येक नव्या गेमला माझ्यात काहीतरी कमी पडायचं. मग अच्युतराव, हिचे वडील, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. त्यांच्यानंतर ही बसायला लागली."

"मग तुम्ही तेच, हे कशावरून?"

कन्सोलला पुढे बोलावलं.

"साहेब, मी घरातला चौथा. आमची तऱ्हा वेगळी. आम्ही येतो अख्खे, जातो अख्खे. नवा आला की जुना माळ्यावर. पणजोबांच्या कॅसेटी माझ्यात शिरतसुद्धा नाहीत. पूर्वी म्हणे हे काका आम्हाला पोरखेळ म्हणायचे आणि आम्ही यांना कारकून. आता बरेचसे गेम दोघांकडे तेच येतात, भांडायला काही उरलं नाही. पण पणजोबांवर काय काय खेळायचे, ते मला यांनीच सांगितलं. तेव्हाचं दुसरं कोण आहे घरात?"

"साक्ष ग्राह्य," भाऊसाहेबांनी लिहिलं. "शेवटचा रकाना. अपुरं राहिलेलं काम?"

कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरायला लागला.

"एक डाव आहे. राज्य वसवायचा, पाळीपाळीने खेळायचा. डिस्क बदलली की मी आधी तो उचलून नेतो. पाळी अच्युतरावांची आहे. दवाखान्यातून आल्यावर खेळतो म्हणाले होते. सोळा वर्षं झाली, साहेब. आता माझ्याच्यानं थांबवत नाही."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी रडले, आणि तेही भर कचेरीत.

"वारस कोण?" भाऊसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"मी. वृंदा."

"जमिनीला वारस लागतो तसा डावालाही लागतो. इथे सही करा आणि पाळी खेळा."

त्यांनी स्वतःचा पडदा माझ्याकडे वळवला. नदीकाठी बाबांचं छोटंसं गाव तसंच होतं. धान्याची तीन कोठारं आणि पुलावर एकच शिपाई.

"मला त्यांच्यासारखं येत नाही," मी म्हणाले.

"येईल तसं खेळ," कॉम्प्युटर म्हणाला.

मी पुलावरच्या शिपायाला पलीकडे धाडलं. एवढा ताजा प्रोसेसर असून कॉम्प्युटरने उत्तराला वीस मिनिटं घेतली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. मग त्याचे घोडेस्वार मोकळ्या पुलावरून थेट गावात शिरले.

"पूल उघडा टाकलास, वृंदा."

"बाबांसारखा?"

"छे! त्यांनी जन्मात टाकला नसता," कॉम्प्युटर म्हणाला. "भाऊसाहेब, माझा अर्ज परत द्या. हिला सगळंच शिकवावं लागणार."

भाऊसाहेबांनी फाईलमधून अर्ज काढून दिला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आता पाळी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"हिची," कॉम्प्युटर म्हणाला.