नाकसाहेबांचं कोरडं नाक

माझं नाक हे साधंसुधं नाक नाही. आमचा साबणाचा कारखाना त्याच्यावर चालतो! फुशारकी वाटत असेल तर कारखान्यात कुणालाही विचारा. तिथे मला 'नाकसाहेब' म्हणतात, आणि तेही तोंडावर!

त्याचं असं आहे. आमच्याकडे दोन कढयांत साबण शिजतो. एकीत अंगाला लावायचा, चमेलीचा. दुसरीत माशाच्या तेलाचा, बागेतल्या किडीवर फवारायचा. शिजल्यावर दोन्ही सारखेच पिवळे, सारखेच घट्ट. कढईवर चिठ्ठी लावायची पद्धत नाही. मी हुंगायचं, बोट दाखवायचं, मग कारागीर साचे भरणार.

त्या आठवड्यात एका मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई आमची चमेली बघायला येणार होत्या. ऑर्डर मिळाली तर वर्षभराची चिंता मिटणार होती.

"आणि नाही मिळाली," शेठ गोड आवाजात म्हणाले, "तर नाकाचा पगार आपल्याला परवडायचा नाही हं!"

आणि नेमकं तेव्हाच नाक वाहायला लागलं! नळ परवडला, निदान बंद तरी करता येतो. मी ठरवलं, नाक खडखडीत कोरडं करायचं. गोळ्या झाल्या, थेंब झाले. सकाळी एका हातात टोस्ट धरून दुसऱ्या हाताने बायकोचा केस वाळवायचा ड्रायर नाकपुडीला लावला.

"अहो, हे काय चाललंय?" बायको किंचाळली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि घरीही सुट्टी घेत नाही.

"नाकातली घाण घालवतोय."

"घाण? अहो, शेंबूड पहारा करतो! धूळ, जंतू, काहीही आत घुसलं की चिकटवून धरतो. आणि वासाचे कण आधी त्या ओलाव्यात विरघळतात, मग वास कळतो. दिवसाला लिटरभर तरी बनतो. बराचसा आपण नकळत गिळतो."

"मी खातोय!"

"मग त्याच्याबरोबरच जातोय," ती शांतपणे म्हणाली.

कारखान्यात पहिल्या कढईवर वाकलो. काही नाही. दुसऱ्या कढईवर वाकलो. काहीच नाही! पण कारागीर माझ्याकडे बघत होता. नाकसाहेबाने कबूल कसं करायचं? मी ऐटीत बोट दाखवलं. "ही चमेली!"

"साहेब, जरा मासळीसारखा..."

"नाक तुझं की माझं?"

तो बिचारा साचे भरायला लागला. तेवढ्यात शेठ आले आणि दारातच दोन पावलं मागे सरकले.

"हे काहीतरी... नवीन दिसतंय?"

"सध्या असंच चालतं, शेठ. चमेलीच, पण जरा खोल."

"खोल आहे खरी!" शेठ तोंडाने श्वास घेत म्हणाले. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तर डोळे पुसत पुसत 'किती उंची वास!' अशी पावती दिली. मी छाती फुगवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्रायर मारून कामावर गेलो. मालकीणबाई आल्या आणि त्यांनी आधी रुमाल काढला.

"इथे काही मेलंय का?"

"छे, छे! जरा खोल आहे," शेठ घाईघाईने म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी वडी उचलली, डोळे मिटले. "पहाटेची चमेली, बाई. दव पडलेली..."

बाईंनी वडी माझ्या हातातून घेतली आणि आत काय आहे ते बघायला सुरीने खरडली. भुकटी उडाली ती थेट माझ्या नाकात! पहारेकऱ्याला मीच हाकलला होता ना! असं झोंबलं, असं झोंबलं, की शिंकांवर शिंका! आणि मग नाकाने दोन दिवसांचा बंद मोडून काढला. धारा लागल्या. बायकोच्या धड्यातले ते वासाचे कण त्यातच विरघळले असावेत, कारण मी बोलता बोलता थबकलो.

"...आणि चमेलीच्या मागे हलकासा... अरे देवा! मासा!"

शेठचा चेहरा बघून मी मनातल्या मनात डबा उचलून फाटकाबाहेर पडलोसुद्धा.

"चला! कुणीतरी खरं बोललं एकदाचं," बाई म्हणाल्या आणि बागेसाठी बाजूला ठेवलेली वडी त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. "ही?"

"चमेली," मी बाहीने नाक पुसत म्हणालो. "फक्त तेल जरा खवट व्हायला लागलंय. नवीन पिंप फोडायला हवं."

बाईंनी स्वतः हुंगून पाहिलं आणि मान डोलावली. "ऑर्डर दिली! अट एकच. हुंगताना यांचं नाक असंच ओलं पाहिजे."

नोकरी वाचली. आता शेठ रोज सकाळी फाटकात उभे राहतात आणि बोटाने माझं नाक तपासतात. ओलं असेल तरच आत सोडतात. घरच्या कुत्र्याची तब्येत ते अशीच बघतात म्हणे! बायकोकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "पद्धत बरोबर आहे त्यांची."

तेही मी चालवून घेतलं. पण काल दोन्ही कढया अचूक ओळखल्या, तेव्हा शेठनी माझ्या डोक्यावर थोपटलं, "शाब्बास!" म्हणाले, आणि खिशातून एक बिस्कीट काढून माझ्यासमोर धरलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी खाल्लं.