पुंजाजीभाऊंची एकच शाल

पुंजाजीभाऊंनी सत्कार केला नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडणार नाही. आणि सत्कारानंतर ज्याच्याकडून शाल परत नेली नाही, असाही सापडणार नाही.

शाल एकच आहे. भगव्या काठाची, डांबरगोळ्यांच्या वासाची. नारळही एकच. त्यातलं पाणी कधीच आटलंय. हलवला की आतला गोटा खडखडतो. पुंजाजीभाऊ चिखलीतल्या एका शाळेत शिपाई होते. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचं तबक धरून तीस वर्षं स्टेजवर उभे राहिले. रिटायर झाल्यावर त्यांचे हात शिवशिवतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

देशमुखांची जुनी स्कूटर एकदा पहिल्याच किकला सुरू झाली. पुंजाजीभाऊंनी शाल घातली ती स्कूटरला. देशमुख नुसतेच बाजूला उभे राहिले. आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या, तेव्हा मी जेवताना त्यांना तोंडावर म्हणालो, "वरण खारट झालंय." भिंतीपलीकडून हे ऐकून पुंजाजीभाऊ पाच मिनिटांत हजर.

"उभे राहा, भाऊसाहेब. लय हिंमतीचं काम केलं तुमी. टाळ्या!"

त्यांचे स्वतःचे हात नारळात गुंतलेले असतात, त्यामुळे टाळ्या बाकीच्यांनी वाजवायच्या. सासूबाईंनीसुद्धा वाजवल्या. माझा हात वरणाचा होता, तो शालीला लागला. हळदीचा तो डाग अजून गेलेला नाही.

"आना आता शाल इकडं. पाच वाजता दुसरा कार्यक्रम हाये."

पण खोटा सत्कार त्यांनी कधी केला नाही. निवडणुकीला उभं राहू पाहणारा एक जण स्वतःहून आला, तर त्याला म्हणाले, "काऊन? केलं काय तुमी?"

"समाजसेवा."

"कोनती?"

कोणती ते तो अजून आठवतोय. "सत्काराले कारण लागते," हे पुंजाजीभाऊंचं आवडतं वाक्य.

यंदा आमची वैष्णवी दहावीला बसली आणि गणित, विज्ञान दोन्हींत गेली. निकाल लागला त्या दिवसापासून तिने खोलीची कडी लावून घेतली. ताट दारात ठेवायचं, अर्धं खाल्लेलं परत आणायचं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते, आणि ती आतून एकच सांगायची, "मी ढ आहे. मले नाही भरायचा." तिच्या आईने समजावलं, मामाने फोनवर समजावलं. "होतं असं," असं सगळे म्हणाले आणि ते तिला मुळीच पटलं नाही. मी तर आणखी शहाणा. ऑफिसात कोणी विचारलं की सांगायचो, "साइटच उघडत नाहीये." चार दिवस ती साइट मी उघडू दिली नाही. एकदा फोनवरही तेच बोललो आणि वैष्णवीने ते ऐकलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात नारळ खडखडला.

"पोट्टीले बोलवा. सत्कार हाये."

मी वैतागलोच. "पुंजाजीभाऊ, थट्टा पुरे. नापास झाली आहे ती."

"ठाऊक हाये मले. सरका."

खोलीच्या दारासमोर ते स्टेजवर राहायचे तसे ताठ उभे राहिले आणि बंद दाराशी बोलू लागले.

"वैष्णवी, गणिताच्या पहिल्या पेपराले तू रडत रडत घरी आली. म्या वट्यावरून पाह्यलं. गेला पेपर, हे तुले तवाच समजलं होतं. तरी पुढच्या पेपराले तू गेली. मंग विज्ञानाले गेली. भूगोलाले बी गेली. रोज पाह्यलं म्या, डोये सुजलेले अन् हातात कंपास. ज्याचे पेपर मस्त गेले तो जाईनच ना वं! त्यात काय हाये? तू काऊन गेली?"

आतून कडी निघाली.

शाल अंगावर पडताच वैष्णवीला डांबरगोळ्यांनी सटासट तीन शिंका आल्या. "टाळ्या!" आम्ही वाजवल्या. आवाज ऐकून समोरच्या काकू धावत आल्या. निकालाच्या दिवसांत शाल दिसली की आमच्याकडे माणूस पेढ्यासाठी हातच पुढे करतो.

"अगं बाई! किती टक्के?"

मी घाईघाईने म्हणालो, "ती साइट..."

"दोन विषय राह्यले, काकू," वैष्णवी म्हणाली. नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत येता का? फॉर्म भरायचाय."

मला तोंड वर करवेना.

पुंजाजीभाऊ निघाले, तरी शाल मागेनात. मी ती घेऊन मागे धावलो. गल्लीच्या वळणावर त्यांना गाठलं.

"राहू द्या तिच्यापाशी," ते म्हणाले. मग नारळाकडे बघतच बोलले, "आमचा पोरगा गजानन दहावीत नापास झाला होता, भाऊसाहेब. त्या दिवशी शाळेत सत्कार होता. म्या तबक धरून उभा. पोरगं गेटापाशी येऊन थांबलं. म्या म्हणलं, मांगच्या दारानं घरी जाय, लोकं पाहून राह्यले."

गजानन पुण्यात असतो, चांगला कमावतो, इतकंच मला माहीत होतं.

"तवापासून तो फोन करते फकस्त दिवाळीले. अन् बोलते बी मांगच्या दारानंच. आठ दिवसानं म्या त्याच्यासाठी हे शाल घेतली. पन काय बोलाचं ते जमेच ना. म्हणून तुमच्या साऱ्यावर प्रॅक्टिस केली."

स्कूटरवरसुद्धा, माझ्या मनात आलं. पण हसू काही आलं नाही.

"आज जमलं ना मले?"

"जमलं, पुंजाजीभाऊ. मग ही शाल घ्या. गजाननला लागेल."

त्यांनी डाग निरखून पाहिला. "त्याले नवी घेतो. इले तुमची हळद लागली हाये."

सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडून आलेले देशमुख सांगत होते, पुंजाजीभाऊ पहाटेच पुण्याच्या गाडीत बसले, आणि कंडक्टर सारखा विचारत होता की पिशवीत खडखडतंय काय.