धाकोजी अस्वलाने फोटो छापला

एका जंगलात, मुलांनो, धाकोजी नावाचं एक अस्वल राहत होतं. मांडी घालून नीट बसा, म्हणजे पुढचं सांगतो.

धाकोजीला एक बायको होती, सरूबाई. एक मुलगी होती, पुतळी. तिघंही काळीकुळकुळीत. अस्वलं तशीच असतात. फक्त छातीवर प्रत्येकाच्या एक पांढुरका पट्टा होता.

पुतळीचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या जंगलातला. नदी मोठी होती. पलीकडे दिलेली लेक वर्षानुवर्षं माहेरी येत नसे.

धाकोजीने विचारलं, "पुतळे, तुला काय देऊ?"

"मला मधाची पोळी नकोत, बाबा. आईचा एक फोटो द्या. गुहेत लावीन. रोज सकाळी उठले की बघीन."

"मोबाइलवर आहे की."

मोबाइलवर खरंच एक फोटो होता. कावळ्याने काढलेला. तिघं एका वारुळापुढे बसली होती. सरूबाई मधे होती आणि तिच्या नाकाला माती लागली होती.

"मोबाइलवरचा नको," पुतळी म्हणाली. "पलीकडे चार्जिंगची सोय नाही. आणि मोबाइल भिंतीला चिकटत नाही."

हे धाकोजीला पटलं. लग्नाला पंधरा दिवस होते. त्याने ठरवलं, फोटो घरीच छापायचा. लेकीचं काम बाहेर कशाला द्यायचं?

जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका, मुलांनो. वाघाच्या गुहेत पंखा होता. म्हणून वीज होती.

धाकोजी सल्ला विचारायला मोराकडे गेला. रंगातलं त्याला कळतं, असं मोर स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"प्रिंटर किती रंगांचा घेऊ?"

मोराने पिसारा फुलवला. "सहा रंगांत छापला, तर माझी मान खरी येते. चार रंगांत छापला, तर मी कोंबडा दिसतो."

"पण आम्ही तर नुसते काळे."

"मग तुम्हाला आठ लागतील. काळा हा सगळ्यांत अवघड रंग."

धाकोजीला बरं वाटलं. आपण अवघड आहोत, असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

मंगळवारी तो दुकानात गेला. दुकान वडाच्या ढोलीत होतं आणि ते गोदूताई घोरपडीचं होतं. गिऱ्हाईक आलं की गोदूताई त्याच्या पायाला चिकटत असे. खरेदी झाल्याशिवाय सुटत नसे.

"हा घ्या, धाकोजीभाऊ," ती त्याच्या घोट्यावरून म्हणाली. "आठ रंग. त्यात दोन काळे."

"दोन? एक माझा आणि एक सरूचा?"

"नाही हो. एक चकचकीत कागदाचा काळा, एक साध्या कागदाचा काळा. एका वेळी एकच चालतो. दुसरा वाट बघतो."

"वाट बघून काय करतो?"

"वाळतो."

धाकोजीने डोकं खाजवलं.

"मशीन रोज वापरा," गोदूताई म्हणाली. "बंद ठेवलंत तर नळ्या तुंबतात. चालू ठेवलंत तर ते स्वतःला साफ करत राहतं. साफसफाईला शाई लागते."

"आणि फोटोला?"

"उरली तर फोटोलाही लागते."

"याहून साधं मशीन नाही का?"

"आहे. पण ते तुमच्यासारख्यांसाठी नाही."

"आमच्यासारखे म्हणजे कसे?"

"मुलीवर जीव असणारे," गोदूताई म्हणाली.

धाकोजीने प्रिंटर घेतला. गोदूताईने पाय सोडला.

घरी आणल्यावर तिघांनी मिळून खोकं उघडलं. खोक्यात प्रिंटर लहान होता आणि थर्माकोल पुष्कळ होता. पुतळीने आठ शायांच्या आठ टाक्या बसवल्या. धाकोजीने बटण दाबलं.

प्रिंटर घुरघुरला. त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली : "तयारी चालू आहे. हात लावू नका."

तिघंही हात वर करून बसली. दुपारी हात खाली घेतले.

मग कागद घालायचा होता. फोटोच्या कागदाची एकच बाजू छापायची असते, मुलांनो. ती कोणती, हे सहजासहजी कळत नाही. प्रिंटरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ओल्या बोटाला जी बाजू चिकटते, ती छापायची.

धाकोजीची बोटं केसाळ. म्हणून त्याने जीभ लावली. बाजू बरोबर होती. कागद जिभेला चिकटला आणि सुटेना.

"आऊच ओआ," धाकोजी म्हणाला.

"काय म्हणताय?" सरूबाईने विचारलं.

"आऊच ओआ!"

"बाबा म्हणताहेत, हळूच ओढा," पुतळी म्हणाली. तिने जोरात ओढला. अर्धा कागद हातात आला. उरलेला अर्धा धाकोजी दोन दिवस चावत होता.

तिसऱ्या दिवशी प्रिंटरने पहिला कागद बाहेर टाकला. त्यावर फोटो नव्हता. वेगवेगळ्या रंगांच्या बारीक रेघा होत्या आणि खाली प्रश्न होता : "कोणती रेघ सरळ आहे?"

धाकोजीला सगळ्या सरळ दिसल्या. पुतळीला सगळ्या वाकड्या दिसल्या. दोघांचं भांडण झालं. तोवर प्रिंटरने कंटाळून स्वतःला साफ करायला घेतलं.

सरूबाई गुहेच्या दारात बसून हे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मी इथे आहे. पोरगी पण इथे आहे. फोटो राहू द्या. तिला चार दिवस माझ्याकडे बघू द्या की."

"आत्ता नको गं आई," पुतळी म्हणाली. "आत्ता मी ट्रे धरलाय. सोडला की वाकडा होतो."

 आईचा फोटो छापायचा म्हटलं की आईकडे बघायला वेळ मिळत नाही.

शुक्रवारी पडद्यावर नवी अक्षरं आली : "पिवळा संपला. छपाई बंद."

"पिवळा?" धाकोजी ओरडला. "आमच्या फोटोत पिवळं काय आहे? मी काळा! ही काळी! ती काळी!"

प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला. 

धाकोजी धावत गोदूताईकडे गेला.

"पिवळी शाई द्या."

"या मॉडेलची नाही येत आता," गोदूताई म्हणाली. "मॉडेल जुनं झालं."

"मी ते मंगळवारी घेतलं!"

"तेच म्हणतेय मी. आज शुक्रवार."

धाकोजी मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदूताई घोरपड असली तरी तिलाही लेकी होत्या. ती त्याच्याबरोबर घरी आली. प्रिंटरवर चढली. एका बटणावर पोट दाबून तिने पाचपर्यंत आकडे मोजले.

"आता पिवळ्याशिवाय छापेल," ती म्हणाली. "काळ्याची नळीही तुंबलेली दिसते. पण छापेल."

प्रिंटर घुरघुरला. गुहा हलली. एकामागोमाग दोन फोटो बाहेर आले. एकच मागितला होता, पण ते असो.

फोटो सुरेख होता. वारूळ होतं. तिन्ही अस्वलं होती. छातीवरचे पट्टे स्वच्छ दिसत होते. सरूबाईच्या नाकावरची मातीसुद्धा होती.

फक्त अस्वलं जांभळी होती.

काळपट जांभळी नव्हे, मुलांनो. चांगली लख्ख जांभळी.

धाकोजी तोंड उघडून काही बोलणार, एवढ्यात सरूबाई पुढे आली. सरूबाईने आरसा कधी पाहिला नव्हता, मोबाइलमधेही कधी डोकावली नव्हती. जंगलातलं तळं गढूळ होतं. तिने फोटो दोन्ही पंजांत धरला आणि खूप वेळ बघितला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी अशी आहे?"

पुतळी उगाच प्रिंटरचा ट्रे आत ढकलू लागली.

"इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी. एकदाही सांगितलं नाहीत, मी इतकी छान दिसते म्हणून."

धाकोजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "राहून गेलं," तो म्हणाला.

एक फोटो पुतळीसाठी ठेवला. दुसरा कावळ्याबरोबर व्याह्यांकडे पाठवला. दोन दिवसांनी व्याही सुभानजी यांचा निरोप आला : "फोटो पोचला. असं जांभळं घराणं आमच्या सात पिढ्यांत पाहिलं नव्हतं. इकडे सगळ्या जंगलाला दाखवला. वऱ्हाड आपल्या दर्शनाला आतुर आहे."

धाकोजी निरोप घेऊन गोदूताईकडे धावला.

"आता?" तो गोदूताईला म्हणाला. "ते येतील आणि आम्हाला बघतील. फसवलं म्हणतील. लग्न मोडेल. सगळी चूक त्या मशीनची!"

गोदूताई गंभीर झाली. "धाकोजीभाऊ, मशीनला आठ रंग दिसतात. तुम्हाला स्वतःकडे बघून किती दिसतात?"

"एक. काळा."

"मग आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?"

धाकोजीने पुष्कळ विचार केला. आठातून एक वजा करून पाहिला. मग तो खाली मान घालून घरी आला.

दिवस ज्येष्ठाचे होते. जांभळं पिकली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तिघांनी मिळून जांभळं गोळा केली. ठेचून रस काढायचा आणि अंगाला लावायचा, असं ठरलं. पण अस्वलांना जांभळं फार आवडतात. पहिली टोपली धाकोजीने खाल्ली. दुसरी पुतळीने. तिसऱ्या टोपलीपाशी सरूबाई काठी घेऊन बसली, तेव्हा कुठे रस निघाला.

सरूबाईला मात्र हे काही कळेना.

"आपण जांभळेच आहोत ना?" तिने विचारलं. "मग हे कशाला?"

"लग्न आहे," धाकोजी म्हणाला. "जरा उजळ दिसायला नको?"

सरूबाईने मन लावून रस चोपडला. कानाच्या मागेसुद्धा लावला. पुतळीने आईच्या पाठीला लावला. त्या पंधरा दिवसांत मायलेकी पहिल्यांदाच जवळ बसल्या होत्या. दोघी गप्पा मारत हसत होत्या. तेवढ्यात धाकोजी फोटो घेऊन आला आणि रंग जुळतो का, ते बघत दोघींच्या मधे उभा राहिला.

सकाळी वऱ्हाड आलं.

मुलांनो, आता नीट ऐका. नवऱ्याकडची अस्वलंही काळी होती. पण त्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे आडवे पट्टे होते. अगदी सरळ. चुन्याने ओढलेले. नवऱ्या मुलाच्या एका डोळ्यावरूनसुद्धा एक पट्टा गेला होता, म्हणून तो डोळा त्याने मिटून घेतला होता.

धाकोजीला काही उमजेना. मग सुभानजींनी आहेर म्हणून आपल्या घराण्याचा फोटो पुढे केला. त्यात त्यांच्या सगळ्या कुटुंबावर पांढरे आडवे पट्टे उमटले होते. नळी तुंबली की उमटतात तसे.

"घरीच छापला," सुभानजी म्हणाले.

"छान आलाय," धाकोजी म्हणाला. "अगदी हुबेहूब."

"तुमचाही हुबेहूब."

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी चटकन दुसरीकडे पाहिलं. लग्न थाटात लागलं. उन्हात कोणी बसलं नाही. घाम आला असता. गळाभेटी मात्र लांबूनच झाल्या.

दुपारी पाठवणी झाली. उन्हाळ्याने पाणी उतरलं होतं आणि नदीतले मोठमोठे दगड उघडे पडले होते. वऱ्हाड दगडांवरून उड्या मारत निघालं. पाण्याचा थेंब अंगावर उडू नये, म्हणून सगळे जपून पाय टाकत होते. पुतळीही तशीच गेली. तिच्या छातीशी फोटो होता, पळसाच्या पानात गुंडाळलेला.

सरूबाई काठावर उभी होती. लेक लांब जाऊ लागली, तशी ती एक पाऊल पुढे गेली. मग आणखी एक. बघता बघता ती गळ्याइतक्या पाण्यात गेली. दगडांचं तिला भानच राहिलं नाही.

"पुतळे!" तिने हाक मारली. "पोचलीस की निरोप धाड गं!"

तिच्या भोवतीचं पाणी जांभळं झालं. वाहून गेलं. आणि पाण्यात एक काळंकुळकुळीत अस्वल उभं राहिलं.

पलीकडच्या काठावर नवऱ्याची आत्या पुतळीशेजारी उभी होती. तिने डोळे बारीक केले.

"काय गं सूनबाई, ती पाण्यात कोण उभी आहे? ती काळी?"

पुतळीने पाहिलं. आईचं नाक तिला ओळखू आलं. हाकही ओळखू आली. तिचा पंजा वर जाणार होता. पण सगळं वऱ्हाड बघत होतं. सासरा बघत होता. नवरा एका डोळ्याने बघत होता.

तिने पानातला फोटो काढला आणि आत्याबाईंपुढे धरला.

"माझी आई ही," ती म्हणाली.

"आणि ती?"

"ती होय? ती आमच्या शेजारची."

मग वऱ्हाड झाडीत शिरलं.

सरूबाई पाण्यातून बाहेर आली. तिने अंग झटकलं नाही. तिचे कान आता पूर्वीसारखे तीक्ष्ण राहिले नव्हते. धाकोजीचे होते. वाराही पलीकडून इकडेच वाहत होता.

"काय म्हणाली हो पुतळी?" तिने विचारलं. "काहीतरी म्हणाली ना?"

धाकोजीने नदीकडे पाहिलं.

"म्हणाली, येते गं आई."

सरूबाई हसली. ओल्या पंजाने तिने डोळे पुसले. दोघं हळूहळू घराकडे चालू लागली. गुहेत प्रिंटर एकटाच होता. तो स्वतःला साफ करत होता.

तात्पर्य : मुलांनो, फोटो आईसारखा आला नाही, तर शाई शोधत वणवण हिंडू नये. शाई मिळेलच असं नाही. त्यापेक्षा आई बदलून घ्यावी.