चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

कॉलेजच्या लायब्ररीत उभा जन्म काढलेल्या ग्रंथपालांचं ब्लडप्रेशर तपासणीत एकशे साठ निघालं. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली, मीठ कमी करायला आणि चालायला सांगितलं. ग्रंथपालांनी जिना उतरता उतरताच ठरवलं, चालू, मीठही सोडू, पण गोळी घ्यायची नाही. एकदा घरात शिरली की ती जन्मभर मुक्काम ठोकते, असं त्यांचं मत होतं. (लायब्ररीतल्या आरोग्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या उभ्या बनलेलं.) बायकोला मात्र ते काही बोलले नाहीत. ती सकाळी हातावर गोळी ठेवायची. हे नुसतं पाणी प्यायचे आणि गोळी चष्म्याच्या घरात सरकवायचे.

मग नैसर्गिक उपाय सुरू झाले. अनशापोटी कच्चा लसूण, दोन वेळा बिटाचा रस, आणि काउंटरवर बसून दीर्घ श्वसन. एकदा ते इतके निश्चल बसले की पुस्तक परत करायला आलेल्या मुलीने शिपायाला हळूच विचारलं, सर आहेत ना? लसणामुळे वाचक दोन हात लांबून पुस्तकाचं नाव सांगू लागले. आणि बिटाने एका सकाळी संडासात असा लालभडक रंग दाखवला, की ग्रंथपाल भिंतीला टेकून मनातल्या मनात मृत्युपत्र लिहू लागले.

तिसऱ्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं. मानेचा मणका सरळ केला की प्रेशर उतरतं, असं कुठेसं वाचलेलं. म्हणून ते हाताने मणके बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टर बाईंकडे गेले. बाईंनी आधी दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा बघून पुन्हा गुंडाळला. मग औषध कुठलं चालू आहे, असं विचारलं. ग्रंथपालांनी अभिमानाने चष्म्याचं घर उघडून दाखवलं.

"काका, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकशे नव्वद आहे. चपला घाला."

थांबलेल्या दोन पेशंटना उद्या यायला सांगून बाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि आपल्याच गाडीतून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत त्यांच्या बायकोला फोन केला. ती शाळेतून आली ती हाताला खडू तसाच. कॉटजवळ बसून तिने गोळ्या मोजल्या.

"एकोणीस दिवस मी निर्धास्त शाळेत जात होते," ती एवढंच म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ग्रंथपालांना वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. कायरोप्रॅक्टर बाईंना तर ते भेटेल त्याच्यापुढे दुवा देत. बाईंनी पुढे त्यांचा आखडलेला खांदा मोकळा केला, पण प्रेशरचं श्रेय घ्यायला साफ नकार दिला.

दोन महिन्यांनी आकडा एकशे तीसवर आला. डॉक्टरीणबाईंनी सहज बायकोचंही प्रेशर पाहिलं. अगदी तरुण मुलीसारखं. गोळी नाही, पथ्य नाही, मग करता तरी काय, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

"काही नाही हो," बायको म्हणाली, "हे दहा ते सहा लायब्ररीत असतात."

"रिटायर कधी होताय?" डॉक्टरीणबाईंनी ग्रंथपालांना विचारलं.

"मार्चअखेर."

डॉक्टरीणबाईंनी डायरीत एप्रिलचं पान काढलं आणि पहिल्याच तारखेला बायकोचं नाव लिहिलं.